परवाना होडीला, धोका फेरीला

१८ डिसेंबर २०२४ रोजी मुंबईच्या गेटवे ऑफ इंडियाहून घारापुरीकडे निघालेल्या ‘नीलकमल’ या प्रवासी नौकेवर, यंत्राच्या चाचणीसाठी बाहेर पडलेली नौदलाची एक वेगवान नौका येऊन आदळली. या दुर्घटनेत पंधरा जणांचे प्राण गेले. टक्करीचा दोष प्रवासी नौकेकडे जात नाही, हे खरे. परंतु मागाहून दुसरी एक गोष्ट उजेडात आली. ‘नीलकमल’ला ८४ उतारू व ६ खलाशी नेण्याची परवानगी होती, प्रत्यक्षात तिच्यावर शंभराहून अधिक माणसे होती. नौका बुडू लागते तेव्हा प्रत्येक जादा माणूस इतरांच्या सुटकेची संधी कमी करतो. अपघातानंतर नौकेचा परवाना स्थगित झाला. तो आधी कोणी, कधी आणि कोठे तपासला होता, हा खरा प्रश्न आहे.

हा प्रश्न एकट्या मुंबईचा नाही. त्याच वर्षी १८ जानेवारीला बडोद्याच्या हरणी तलावात सहलीला आलेल्या मुलांची नौका उलटून बारा विद्यार्थी व दोन शिक्षिका दगावल्या. २१ मे रोजी करमाळा तालुक्यातील कुगावहून इंदापूर तालुक्यातील कळाशीकडे निघालेली होडी उजनीच्या जलाशयात वादळी वाऱ्यात सापडली व सहा जण बुडाले. त्याआधी, ७ मे २०२३ रोजी केरळातील तानूर येथे मूळ मासेमारीची असलेली नौका फेरफार करून पर्यटकांसाठी वापरली गेली. क्षमतेपेक्षा कितीतरी अधिक माणसे तीत चढली आणि बावीस जण मृत्युमुखी पडले.

या क्षेत्रात कायद्याचा अभाव आहे, असे म्हणता येणार नाही. ब्रिटिश अमदानीतील १९१७ च्या कायद्यापासून यांत्रिक नौकांची नोंदणी, तपासणी आणि चालकांची पात्रता यांविषयी तरतुदी आहेत. त्याची जागा घेणारा अंतर्गत नौका कायदा संसदेने २०२१ मध्ये संमत केला. त्यात विम्याचा समावेश आहे, आणि यंत्राविना चालणाऱ्या होड्यांची नोंद स्थानिक पातळीवर करण्याचीही सोय आहे. महाराष्ट्रात १९९६ पासून सागरी मंडळ अस्तित्वात आहे. मग उणीव कोठे आहे?

जादा उतारूचे गणित

उणीव अशी की, परवाना नौकेची परीक्षा ठरावीक मुदतीने एकदा घेतो, आणि धोका मात्र प्रत्येक फेरीला नव्याने उत्पन्न होतो. तपासणीच्या दिवशी नौका रिकामी, स्वच्छ आणि धक्क्याला बांधलेली असते. रविवारच्या संध्याकाळी ती भरलेली असते आणि वारा सुटलेला असतो.

त्यातच धंद्याचे गणित नियमाच्या विरुद्ध दिशेने ओढते. समजा, वीस उतारूंची परवानगी असलेल्या नौकेचे इंधन, मजुरी व इतर खर्च पंधरा जणांच्या भाड्यातून भागतात. उरलेल्या पाच जणांचे भाडे हा मालकाचा नफा. आणखी पाच जण घेतले की खर्च फारसा न वाढता नफा दुप्पट होतो. दंड क्वचित आणि नफा रोजचा, अशी स्थिती असेल तर सज्जन मालकही हळूहळू मोहाला बळी पडतो. कारण नियम पाळणाऱ्याचे गिऱ्हाईक शेजारची नौका घेऊन जाते. उतारूलाही शेवटची फेरी चुकवायची नसते. धोक्याचे मोजमाप करण्याचे साधन त्याच्यापाशी नसते. इतर चढले म्हणून तोही चढतो.

केवळ कडकपणा पुरेसा नाही

यावर परवाने अधिक कडक करा, अशी मागणी दर अपघातानंतर होते. ती अपुरी आहे. ३० सप्टेंबर २००९ रोजी केरळातील तेक्कडी येथे उलटलेली, पंचेचाळीस पर्यटकांचा बळी घेणारी नौका कोणा चोरट्या मालकाची नव्हती. ती शासकीय पर्यटन महामंडळाची होती. शिक्का आणि मालकी या दोन्ही गोष्टी सुरक्षिततेची हमी देत नाहीत.

दुसरेही एक सत्य दृष्टिआड करून चालणार नाही. उजनीच्या पाण्याने समोरासमोरची गावे एकमेकांपासून तोडली. तेथील माणूस हौसेने होडीत बसत नाही. रस्त्याचा वळसा वेळेला आणि खिशाला परवडत नाही म्हणून बसतो. अशा ठिकाणी परवान्याचा खर्च व हेलपाटे वाढवले तर तर बंद पडेल किंवा चोरून चालेल, आणि चोरून चालणाऱ्या होडीवर कोणाचीच नजर नसते. गोव्यात नदी परिवहन खाते स्वतः फेरीबोटी चालवते. कारण नदी ओलांडणे ही तेथे रस्त्याइतकीच सार्वजनिक गरज मानली गेली आहे. जलाशयाकाठच्या गावांची गरज त्याहून कमी कशी ठरते?

म्हणून तपासणीचे ठिकाण कचेरीतून धक्क्यावर आणले पाहिजे. परवानगीची संख्या नौकेच्या अंगावर ठळक मराठी अंकांत रंगवावी. सुटण्यापूर्वी उतारूंची मोजणी व्हावी आणि ती करणाऱ्यास, तसेच हवामान बिघडल्यास, फेरी रोखण्याचा अधिकार असावा. हा माणूस मालकाचा नोकर असू नये. जीवरक्षक जाकिटे पेटीत कुलूपबंद न राहता अंगावर असावीत. खेड्यातील लहान होड्यांसाठी नोंदणी जवळपास विनाखर्च असावी आणि जाकिटांचा भार शासनाने उचलावा. याला पैसा लागेल. परंतु मृतांच्या वारसांना द्यावयाची मदतही अखेर त्याच तिजोरीतून जाते.

१७ जुलै १९४७ रोजी भाऊच्या धक्क्यावरून रेवसकडे निघालेली ‘रामदास’ बोट बुडाली आणि सहाशेहून अधिक माणसे गेली. कोकणातील अनेक घरांत त्या दिवसाची आठवण अजून निघते. त्यानंतर कायदे बदलले, मंडळे स्थापन झाली, अर्जांचे नमुने सुधारले. धक्क्यावर उभे राहून ‘आता पुरे, यापुढे कोणी चढू नये’ असे सांगणारा माणूस मात्र अद्याप नेमला गेलेला नाही. तो नेमण्यासाठी पुढच्या अपघाताची वाट पाहण्याचे काही कारण नाही.