पोटरीचं ऐका

रक्ताभिसरणाचं सगळं श्रेय आपण हृदयाला देऊन मोकळे होतो. त्याचं काम मोठं आहेच. एका ठोक्याला साधारण ७० मिलिलिटर, मिनिटाला पाचेक लिटर. म्हणजे अंगात आहे जवळजवळ तेवढं रक्त मिनिटागणिक फिरवायचं. पण पावलांपर्यंत उतरलेलं रक्त पुन्हा छातीपर्यंत चढवायचं कुणी? केशवाहिन्या ओलांडेपर्यंत हृदयाचा जोर बराचसा सरलेला असतो. मग पोटरी कामाला येते. चालताना ती आवळली की आतल्या नीला पिळल्या जातात, रक्त वर सरकतं आणि नीलांमधल्या झडपा त्याला मागे फिरू देत नाहीत.

या झडपांवर पाडुआच्या फाब्रिसियसनं १६०३ मध्ये पुस्तक लिहिलं, पण त्यांचं खरं काम त्याला उमगलं नाही. ते उमगलं त्याच्या विद्यार्थ्याला, विल्यम हार्वीला. त्याच्या १६२८च्या ग्रंथातला प्रयोग घरी करून बघा. हात खाली सोडा, शीर टरारली की तिच्यावर एक बोट दाबून धरा आणि दुसऱ्या बोटानं तिथून कोपराकडे रक्त निपटत न्या. वरचं बोट उचललं तरी मधली शीर रिकामीच राहते. खालचं उचललं की लगेच भरते.

आता कापडाच्या शोरूममध्ये दिवसभर उभ्या असलेल्या मुलीकडे बघा. चालणं नाही, बसणं नाही. पोटरी आवळतच नाही, रक्त खाली साचतं, संध्याकाळी पाय सुजून चपलेचा पट्टा रुततो. वर्षानुवर्षं असं चाललं की शिरा ताणतात, झडपा नीट मिटेनाशा होतात आणि पायावर निळ्या गाठी उठतात. आनुवंशिकता, बाळंतपणं हीही कारणं आहेत. पण म्हणून मालक सुटत नाही.

केरळनं २०१८ मध्ये आणि तमिळनाडूनं २०२१ मध्ये दुकानातल्या कामगारांना बसायची सोय देणं कायद्यानं बंधनकारक केलं. केरळात कापडदुकानांतल्या बायकांनी त्यासाठी आंदोलन केलं होतं. आपल्याकडच्या जुन्या पेढीत साड्या दाखवणारा गादीवर मांडी घालून बसायचा आणि त्यात कुणाला उद्धटपणा दिसत नसे! काचेचं शोरूम आलं आणि बसलेला माणूस कामचुकार ठरला. यात गिऱ्हाईक म्हणून आपणही आलोच. गर्दी नसताना टेकायला एक स्टूल आणि मधूनमधून चार पावलं फिरायची मुभा, एवढंच मागणं आहे. दिवाळीची खरेदी कराल तेव्हा स्टूल कुठंय, हे मालकाला जरूर विचारा.