सासूबाईंची वाकळ आणि भाच्याची स्लीपिंग बॅग

आमच्या घरात सध्या दोन तट पडलेत. कारण म्हटलं तर फुटकळ आहे. यंदाच्या वारीत सासूबाईंनी रात्री कशावर आणि कशात झोपायचं, एवढाच प्रश्न. पण गेला महिनाभर हिंगोली ते पुणे फोन चालू आहेत आणि अजून निकाल लागलेला नाही.

एका बाजूला माझा भाचा, म्हणजे नणंदेचा मुलगा. पुण्यात नोकरी, शनिवार-रविवार सह्याद्रीत. त्याचं म्हणणं, "मामी, आजीला माझी स्लीपिंग बॅग दे. हलकी आहे, स्वस्तातली आहे, गुंडाळली की डब्याएवढी होते." दुसऱ्या बाजूला स्वतः सासूबाई. वय एकाहत्तर, वाऱ्या एकोणीस. त्यांची वाकळ त्यांच्या दोन जुन्या लुगड्यांची, आत धोतराचे तुकडे. बॅग पहिल्यांदा पाहिली तेव्हा त्यांनी ती हातात घेऊन उलटीपालटी केली आणि विचारलं, "काहून रे बापू एवढे पैसे घातलास? जित्या माणसानं असं गुंडाळून निजावं व्हय?" भाचा गप्प.

आणि मी मध्ये. माझं मत दोघांनाही आवडणारं नाही, म्हणून इथं लिहून टाकते. घरातले वाचतीलच.

आधी हा विषय एवढा का पेटला ते सांगायला हवं. २०२४ ला आषाढी १७ जुलैला होती. आमची दिंडी लहान, साठ-पासष्ट माणसं. नर्सीला नामदेव महाराजांच्या पायावर डोकं ठेवून निघायचं, मग औंढा, जवळा बाजार, परभणी, दैठणा, गंगाखेड, परळी, अंबाजोगाई करत पुढे. सामानाला एक टेम्पो. वळकट्या, भांडी, शिधा सगळं त्यात. दैठणा सोडून गंगाखेडकडे निघालो आणि दुपारनंतर आभाळ फाटलं. टेम्पो ठरल्या जागी थांबायचा तो पुढे निघून गेला. का, कसा, त्यावर नंतर पुष्कळ बोलणं झालं, ते इथं नको. आम्ही सात-आठ बायका मागे राहिलो होतो. रात्र एका शाळेच्या ओसरीवर काढली. अंगावर ओली लुगडी, खाली ओली फरशी, अंथरूण टेम्पोत.

थंडी नव्हती हो. जूनअखेरची रात्र ती. पण ओल्या कपड्यात, वाऱ्याच्या तोंडाशी, दिवसभर चालून मोडलेलं अंग किती कुडकुडतं ते त्या रात्री पाहिलं. पहाटे सासूबाईंना ताप भरला. गंगाखेडला डॉक्टरांनी सांगितलं, आता चालायचं नाही. रेल्वेनं परभणी, पूर्णा करत आम्ही दोघी हिंगोलीला परत आलो. त्या गाडीत एक शब्द बोलल्या नाहीत. गोदावरीचा पूल आला तेव्हा खिडकीतून हात जोडले, बस. एकोणीस वर्षांत पहिल्यांदा वारी मोडली होती. २०२५ ला गुडघ्यानं धरलं म्हणून गेल्या नाहीत. यंदा जाणार म्हणतात, आणि कुणी अडवलेलं चालणार नाही अशा आवाजात म्हणतात.

तर प्रश्न अंथरुणाचा दिसतो, पण तसा तो नाही. यंदाची वारी पुरी व्हायला हवी.

भाच्याचं म्हणणं मी उडवून लावलेलं नाही. उलट २०२५ ला मी एकटी गेले तेव्हा त्याचीच बॅग घेऊन गेले. म्हटलं, आधी आपण निजून पाहू. त्या वर्षी आषाढी ६ जुलैला, म्हणजे आम्ही जूनच्या दुसऱ्या आठवड्यात निघालो. मृग लागलेला पण पाऊस नुसता कबूल करून गेलेला. जवळा बाजारला एका मोठ्या खोलीत चाळीस बायका, आणि रात्री दहाला लाईट गेली. मी आत शिरले, चेन ओढली. दहा मिनिटांत घामानं अशी निथळले की पुरणाच्या चाळणीतून काढल्यासारखी. मग चेन पूर्ण उघडून ती खाली पसरली आणि वर ओढणी घेतली. म्हणजे अठराशे रुपयांची सतरंजी झाली! तीही पातळ, कारण अंगाखाली दबली की तिच्यात काही उरत नाही.

यात बॅगेचा दोष नाही. ती ज्यासाठी केली त्यासाठी ती उत्तमच असणार. तिच्या आतला तो फुगीर कापूस (कापूस कसला, पॉलिस्टर) स्वतः गरम नसतो. त्यात अडकलेली हवा आपल्या अंगाची ऊब धरून ठेवते. वजनाखाली ती हवा निघून जाते, म्हणून खाली चटई लागतेच, बॅग कितीही भारी असो. बॅगेच्या चिठ्ठीवर दोन आकडे असतात. "कम्फर्ट" म्हणजे साधारण बाईमाणसाला आरामात झोप लागेल ते तापमान, "लिमिट" म्हणजे पुरुषमाणसाला अंग आखडून का होईना झोपता येईल ते. (बायकांना थंडी जास्त वाजते हे युरोपातल्या मोजमापवाल्यांनीही मान्य केलंय, आमच्याकडे पंख्यावरून रोज भांडणं होतात तरी.) भाच्याच्या बॅगेवर कम्फर्ट १५ अंश होतं. आमच्याकडे जूनच्या रात्री २५ अंशांच्या आसपास. म्हणजे दहा अंशांची ऊब उगाच पाठीवर वाहायची आणि रात्री तिच्यातच शिजायचं.

आणि ती चेन. पहाटे साडेतीनला उठावं लागतं. का ते बायकांना सांगायला नको. उजाडायच्या आत आडोशाला जाऊन यायचं असतं. त्या दिवशी पायाशी थोडी चेन लावून ठेवली होती, तिनं आतलं कापड गिळलं. अंधारात ओढतेय, निघत नाही. शेवटी मी तशीच उभी राहून दारापर्यंत उड्या मारत गेले. आयुष्यभर शाळेत पोत्याची शर्यत लावली, त्याची फेड झाली. शेजारची पोरगी एवढी हसली की अर्धी खोली जागी झाली. :-)

हसण्यावारी नेलं, पण सासूबाईंच्या जागी मी असते, एकाहत्तरची आणि गुडघ्यानं धरलेली, तर पडले असते.

बरं, मग वाकळच बरी का? तर नाही. इथं सासूबाई रुसणार. पण मी ती किराणा दुकानाच्या काट्यावर ठेवली. तीन किलो दोनशे. कोरडी. भिजली की दोघींनी पिळावी लागते आणि पावसाळी हवेत दोन दिवस वाळत नाही. तीन किलो कुणी खांद्यावर घेत नाही, म्हणून ती टेम्पोत जाते. आणि टेम्पोत गेलेलं अंथरूण म्हणजे टेम्पो आला तर अंथरूण. २०२४ ला हेच झालं. त्या रात्री आमच्याकडे वाकळ नव्हती असं नाही, वाकळ होती, पण दहा-बारा किलोमीटर पुढे होती.

भाचा म्हणतो, त्या रात्री बॅग असती तर आजी आजारी पडली नसती. मी म्हणते, बॅगही टेम्पोतच असती. आणि खांद्यावर असती तर भिजली असती. त्या रात्री एक कोरडी चादर आणि खाली एक मेणकापड एवढंच हवं होतं. फक्त ते अंगाजवळ हवं होतं.

म्हणून माझं मत असं, की उन्हाळ्या-पावसाळ्यातल्या पायी वारीत अंथरूण निवडताना ऊब शेवटी पाहावी. पहिलं पाहावं की हे मी स्वतः, सगळी वाट, तक्रार न करता उचलीन का. जुने लोक घोंगडी घेत, त्यात अक्कल होती. लोकर भिजली तरी ऊब देते, रिमझिम अंगावर झेलते, तीच अंथरायची, तीच पांघरायची. पण घोंगडीही दोन किलोच्या पुढे, आणि आताच्या उकाड्यात तिची खाज सोसवत नाही. मी प्रयत्न केलाय.

आता ज्याबद्दल कुणीच बोलत नाही ते. मच्छरदाणी. आपण तिला डासांपुरती समजतो. पण आपण झोपतो कुठे? शाळेची ओसरी, मंदिराचा मंडप, कुणाचं खळं, सगळीकडे जमिनीवर. पहिला पाऊस पडला की जमिनीतलं सगळं वर येतं. मण्यार रात्रीच फिरते आणि जमिनीवर निजलेल्या माणसाला झोपेत चावते. बहुतेकदा दुखतही नाही, खूणही दिसत नाही, आणि सकाळपर्यंत पापण्या जड व्हायला लागतात, श्वास अडतो. नेपाळच्या तराईत यावर अभ्यास झाला होता, २००७ मध्ये छापून आला. मच्छरदाणीत झोपणाऱ्यांना सर्पदंश कमी होतात असं त्यात निघालं. इंचवाचंही तेच. लाल इंचवाच्या दंशावर महाडला राहून ज्यांनी औषध शोधलं, प्राझोसिन, ते डॉ. हिंमतराव बावस्कर जालना जिल्ह्यातले. २०२२ ला त्यांना पद्मश्री मिळाली तेव्हा आम्ही पेढे वाटले होते, ओळख ना पाळख! पण औषध निघालं म्हणून इंचू चावून घ्यावा असं थोडंच आहे.

स्लीपिंग बॅगेतही माणूस झाकलेला असतो, असं भाचा म्हणाला. असतो, चेन बंद असेल तर. उकाड्यात ती बंद राहत नाही, ते वर लिहिलंच आहे. शिवाय पहाटे गुंडाळायच्या आधी आत काही शिरलं का ते कोण बघतो?

वाटेत माणसं किती प्रेमानं देतात. केळी, राजगिऱ्याचे लाडू, चहा, बिस्किटं, पायाला लावायला तेल. रेनकोटही वाटतात. इतक्या वर्षांत मच्छरदाणी वाटलेली मी पाहिली नाही. देणाऱ्यांपैकी कुणी हे वाचत असेल तर बघा बाबा. आणि "विठोबा सांभाळतो" म्हणणाऱ्यांना एकच विचारते, तुम्ही ओसरीवर निजलात का कधी? माझाही विश्वास आहे. पण ओल्या फरशीवर सासूबाईंना निजवणारे आम्ही होतो, त्याचं खापर मी देवावर फोडणार नाही.

यंदाचं मी असं ठरवलंय. माझी एक जुनी सुती साडी, धुऊन धुऊन मऊ झालेली, ती दुहेरी करून तळाला आणि एका बाजूला अर्ध्यापर्यंत शिवली. खोळच म्हणा. आत शिरता येतं, पाय बाहेर काढता येतात, चेन नाही, लुगडं सरकण्याची काळजी नाही. चाळीस बायकांच्या खोलीत ठीक असतं, पण उघड्या मंडपात अंग झाकलेलं असलं की बाईला झोप लागते, हे पुरुषांना सांगून समजत नाही. खाली बाजारातली प्लास्टिकची घडीची चटई. त्याखाली निळं मेणकापड. वर नायलॉनची एकेरी मच्छरदाणी, दोऱ्या लांब करून, म्हणजे खांब नसेल तर पताकेच्या काठीलाही बांधता येईल.

काट्यावर ठेवलं. खोळ ४२० ग्रॅम, चटई ४५०, मच्छरदाणी ३००, मेणकापड २८०. दीड किलोला पन्नास ग्रॅम कमी. पैसे चटईचे १२०, मच्छरदाणीचे २५०, मेणकापडाचे ९०, शिलाई ६०, एकूण ५२०. भाच्याची बॅग एकटीच अकराशे ग्रॅम, आणि चटई, मच्छरदाणी तिच्याबरोबरही लागणारच.

भाच्याचा एक सल्ला मात्र मी डोळे झाकून घेतलाय. सगळं आधी एका जाड प्लास्टिक पिशवीत घालायचं, तोंडाला पीळ देऊन दुमडून बांधायचं, मग झोळीत. ट्रेकवाले हे करतात. वारकरी करत नाहीत, काय माहीत का. यंदा तर हे फारच लागणार, कारण २०२६ ला ज्येष्ठ अधिक आला, आषाढी २५ जुलैला सरकली. म्हणजे बरीचशी वाट पावसातूनच.

आणि त्याची बॅग वाया जाणार नाही. कार्तिकीला कुणी जाणार असेल तर जरूर घेऊन जा. शेजारचे एक काका नर्मदा परिक्रमेची तयारी करताहेत, त्यांना अमरकंटकच्या हिवाळ्यात तिची खरी किंमत कळेल. मी त्यांनाच देऊ का, असं भाच्याला विचारलंय. अजून उत्तर नाही. रागावला असावा.

सासूबाईंनी खोळ पाहिली. आत शिरून बघितल्या, पाय हलवले, उठून बसल्या. काही बोलल्या नाहीत. दुपारी पाहते तर कात्री घेऊन बसलेल्या आणि वाकळीचा एक कोपरा उसवून हातभर तुकडा काढलेला. "उशाला," म्हणाल्या. मी तो काट्यावर ठेवला. २१० ग्रॅम. त्या माझ्याकडे बघत होत्या. मी काटा मिटला आणि तुकडा पिशवीत घातला.