अपडेट आलं, रूट गेलं

मंडळी, या वीकांताचा विषय वरवर तांत्रिक आहे. पण ज्यांचा कोडशी काडीचा संबंध नाही त्यांनीही वाचायला हरकत नाही, कारण खरा प्रश्न मालकीचा आहे.

स्वस्तातला टॅबलेट घ्यायचा, खटपट करून तो 'रूट' करायचा, मग एका रात्री सिस्टिम अपडेट येतं आणि सकाळी रूट गायब! पुन्हा नवी युक्ती शोधा, पुन्हा पुढचं अपडेट. हा उंदीर-मांजराचा खेळ अँड्रॉइडच्या सुरुवातीपासून चालू आहे. माझी पंचाईत अशी, की मला दोन्ही बाजू पटतात. सोमवार ते शुक्रवार सॉफ्टवेअरमधली भोकं बुजवणं हे माझं पोटापाण्याचं काम, आणि शनिवारी मी त्याच जातीची भोकं हुडकत बसतो. बरीच वर्षं हे करून मी अशा मताला आलोय की यात अपडेटचा काही दोष नाही. दोष घराला दारच न ठेवणाऱ्याचा आहे. दार नसलं की माणसं खिडकीतून चढणारच.

आधी रूट म्हणजे काय ते थोडक्यात. अँड्रॉइडच्या पोटात लिनक्स आहे, आणि लिनक्समध्ये शून्य क्रमांकाचा वापरकर्ता म्हणजे रूट. त्याला कशालाच मनाई नसते. लिनक्सच्या लॅपटॉपवर हा अधिकार तुमच्याकडेच असतो, पासवर्ड टाकला की झालं. अँड्रॉइडवर प्रत्येक ॲपला वेगळा क्रमांक देऊन आपापल्या खोलीत कोंडलेलं असतं. ही कल्पना झकासच आहे, तुमच्या टॉर्चच्या ॲपला बँकेच्या ॲपच्या फायली वाचता येत नाहीत त्या यामुळेच. पण तो शून्य क्रमांक पैसे मोजणाऱ्याला काही मिळत नाही. पुण्या-मुंबईत फ्लॅट घेतलेल्यांना हे चटकन कळेल. फ्लॅट तुमचा, हप्ते तुमचे, पण कन्व्हेयन्स होत नाही तोवर जमीन बिल्डरच्याच नावावर!

"पण रूट हवंच कशाला?" हा प्रश्न रास्त आहे. २०२१ साली आईसाठी एक स्वस्त टॅबलेट घेतला (कंपनीचं नाव राहू द्या). भजनं, रेसिपी आणि नातवंडांचे व्हिडिओ कॉल, एवढाच उपयोग. त्यात सोळा जीबी जागा, तिच्यातली मोठा हिस्सा आधीच भरलेला, आणि कधीही न मागितलेली डझनभर ॲप्स, काढता न येणारी. त्यातलं एक दर तासाला नोटिफिकेशन टाकायचं. रूट करून ती सगळी उडवली, टॅबलेट हलकाफुलका झाला. तीन महिन्यांनी अपडेट आलं आणि सगळी वऱ्हाडी मंडळी परत हजर. आईचा फोन: "अरे, हा मला पुन्हा रमी खेळायला का बोलावतोय?" आता काय सांगणार!

अपडेटनं रूट जातं तरी कसं? लोकांना वाटतं, कंपनी मुद्दाम शोधून मारते. बहुतेक वेळा तसं काही नसतं. जुन्या काळी 'सू' नावाची एक छोटीशी फाइल सिस्टिम पार्टिशनमध्ये टाकली आणि तिला खास परवानगी दिली की रूट मिळायचं. अपडेट यायचं ते फायलींच्या परवानग्या पुन्हा जागेवर बसवायचं, आणि 'सू' निष्प्रभ. अँड्रॉइड ५ पासून अपडेट ब्लॉकच्या हिशेबानं येऊ लागलं. म्हणजे सिस्टिम पार्टिशनमध्ये एक ब्लॉक जरी बदललेला आढळला तरी अपडेट बसायलाच नकार देतं. मग २०१६ मध्ये मॅजिस्क आलं. ते सिस्टिमला हात न लावता फक्त बूट इमेजला ठिगळ लावतं. पण अपडेट नवी कोरी बूट इमेज घेऊन येतं, ठिगळ जुन्या इमेजबरोबर कचऱ्यात. सोसायटीनं जिन्याला नवा रंग दिला की तुम्ही भिंतीवर काढलेली रांगोळी पुसली जाते, तसं. त्यात वैर काही नाही.

वैर सुरू होतं बूटलोडरपाशी. टॅबलेट सुरू होताना सगळ्यात आधी जो प्रोग्रॅम जागा होतो तो पुढच्याची सही तपासतो. कंपनीची सही असेल तरच आत. हे कुलूप उघडायची अधिकृत सोय असेल, तर अपडेटनंतर पुन्हा ठिगळ लावणं हे दहा मिनिटांचं काम. ती सोय नसेल, तर कंपनीच्या कोडमध्ये कुठेतरी चूक सापडेपर्यंत देव पाण्यात घालून बसायचं.

ॲमेझॉनच्या 'फायर' टॅबलेटची कथा या बाबतीत नमुनेदार आहे. सप्टेंबर २०१५ मध्ये त्यांनी सात इंची फायर ४९.९९ डॉलरला काढला. पाच घ्या, सहावा फुकट, अशी सिक्स-पॅकची योजनाही होती, बिअरसारखी :-) इतक्या कमी किमतीचं गणित उघड होतं. लॉक स्क्रीनवर जाहिराती, गूगलच्या प्ले स्टोअरऐवजी ॲमेझॉनचं दुकान. जाहिराती नको असतील तर पंधरा डॉलर जादा. सुरुवातीच्या आवृत्त्यांचा बूटलोडर केबलवरून हवी ती रिकव्हरी चालवू द्यायचा, त्यामुळे रूट सोपं होतं. पुढच्या अपडेटनं ती वाट बंद केली. मग लोक किंगरूट नावाच्या ॲपकडे वळले, ज्याचा कोड खुला नव्हता. म्हणजे जाहिराती नकोत म्हणून आपल्या टॅबलेटची सर्वोच्च सत्ता एका अनोळखी प्रोग्रॅमच्या हातात! आणि जुन्या आवृत्तीकडे मागे जायचा प्रयत्न केला की टॅबलेट बंद पडून त्याची वीट व्हायची भीती. पंढरपूरच्या विटेवर निदान विठोबा तरी उभा आहे, या विटेचा उपयोग पेपरवेटपुरता.

याहून बोलका प्रकार २०१९ मधला. एका हौशी संशोधकाला मीडियाटेकच्या चिपमध्ये एक भोक सापडलं. सुरुवात फायर टॅबलेट रूट करण्यापासून झाली, पण ते त्या कंपनीच्या जवळजवळ सगळ्या चौसष्ट-बिट चिप्सवर चालायचं. छोटासा प्रोग्रॅम कॉपी करा, चालवा, रूट हजर. बूटलोडर उघडायची गरजच नाही. स्वस्त टॅबलेटवाल्यांची दिवाळी! मीडियाटेकनं मे २०१९ मध्येच दुरुस्ती तयार केली होती, पण ती उपकरणांपर्यंत पोचवायचं काम टॅबलेट-फोन बनवणाऱ्यांचं, आणि कित्येकांनी ते केलंच नाही. शेवटी मार्च २०२० मध्ये गूगलच्या सिक्युरिटी बुलेटिनमध्ये ते सीव्हीई-२०२०-००६९ या क्रमांकानं झळकलं.

मधल्या काळात काय झालं? जानेवारी २०२० मध्ये ट्रेंड मायक्रोनं प्ले स्टोअरवरची तीन हेरगिरी करणारी ॲप्स उघडकीला आणली. त्यातलं एक नेमकं हेच भोक वापरून रूट मिळवत होतं आणि वापरणाऱ्याचं लोकेशन, फायली वगैरे बाहेर पाठवत होतं. मालकाला स्वतःच्या टॅबलेटचा मालक व्हायची जी वाट, तीच चोराची. ज्यांनी रूटसाठी अपडेट अडवून धरलं होतं, त्यांनी चोरासाठीही खिडकी उघडी ठेवली होती. कारण त्यांना दुसरी वाटच नव्हती.

म्हणूनच 'अपडेट बंद करून टाका' हा जो सल्ला अजूनही सर्रास दिला जातो, तो मला अजिबात पटत नाही. पण हा सल्ला देणाऱ्यांना मूर्ख म्हणणंही पटत नाही. चांगल्या, समजदार माणसांना सिक्युरिटी पॅच नकोसा वाटावा अशी व्यवस्था ज्यांनी उभी केली, जाब त्यांना विचारायला हवा.

कंपन्यांचं म्हणणं मी ऐकून घेतलंय, हापिसात रोज ऐकतो! रूट दिलं तर सामान्य माणूस फसेल, चोराचं फावेल, स्वस्त किमतीचं गणित बिघडेल. यातल्या पहिल्या दोन गोष्टींना उत्तर गूगलनंच नेक्सस आणि पिक्सेलवर दिलेलं आहे. एक कमांड देऊन बूटलोडर उघडता येतो, पण उघडताना आतला सगळा डेटा पुसला जातो, आणि नंतर दर वेळी सुरू करताना पडद्यावर इशारा येतो. चोरानं टॅबलेट पळवला तरी तुमचे फोटो त्याला मिळत नाहीत, आणि मावशींकडून चुकून असं काही होणं जवळजवळ अशक्य. पिक्सेलवर तर स्वतःची सही बसवून पुन्हा कुलूप लावायचीही सोय आहे. राहिलं किमतीचं गणित. जाहिराती काढायला पंधरा डॉलर घेता ना? मग किल्लीचीही किंमत सांगा, द्यायची की नाही ते आम्ही ठरवू. कुलूप उघडल्यावर बऱ्याच बँकांची आणि यूपीआयची ॲप्स चालणार नाहीत, हेही मला मान्य आहे. भजनं ऐकायला यूपीआय लागत नाही.

कायद्यानंही यात गमती केल्यात. अमेरिकेत लायब्ररी ऑफ काँग्रेसनं २०१० मध्ये स्मार्टफोनचं कुलूप तोडायला कॉपीराइट कायद्यातून सूट दिली. २०१२ मध्ये टॅबलेटला ती नाकारली, का, तर 'टॅबलेट' म्हणजे नक्की काय याची व्याख्या धड नाही! २०१५ मध्ये ती मिळाली. पण तोडायची परवानगी मिळाली म्हणून कंपनीनं किल्ली द्यायलाच हवी असं होत नाही.

माझी मागणी फार मोठी नाही. ज्या दिवशी कंपनी एखाद्या टॅबलेटला सिक्युरिटी पॅच देणं थांबवेल, त्या दिवशी निदान बूटलोडर उघडायची सोय द्यावी. पॅचही नाही आणि किल्लीही नाही, ही अवस्था स्वस्त टॅबलेटच्या वाट्याला फार लवकर येते. हार्डवेअर ठणठणीत, पण लिनेजसारखी दुसरी सिस्टिम टाकता येत नाही, म्हणून तो ड्रॉवरमध्ये पडून. ई-कचऱ्यावर भाषणं देणाऱ्यांनी आधी हा ड्रॉवर उघडून बघावा.

तोवर व्यवहाराचं सांगतो. नवा टॅबलेट घेताना रॅम-कॅमेऱ्याआधी हे बघा की त्या मॉडेलचा बूटलोडर अधिकृतपणे उघडतो का. आणि घरात आधीच कुलूपबंद टॅबलेट असेल, तर नुसती नको असलेली ॲप्स घालवायला रूट लागतच नाही. डेव्हलपर ऑप्शन्समधून यूएसबी डीबगिंग चालू करा, लॅपटॉपला जोडा, आणि एडीबीतून ती ॲप्स चालू वापरकर्त्यापुरती काढा. मूळ फाइल सिस्टिममध्ये राहते, पण ॲप दिसत नाही आणि चालत नाही. सगळी नावं एका छोट्या स्क्रिप्टमध्ये लिहून ठेवलीत, तर अपडेटनंतर पाहुणे परतले तरी दोन मिनिटांत पुन्हा निरोप देता येतो. आणि हो, अपडेट मात्र चालूच ठेवा.