सशाच्या लेंडीतला कारागीर



इडलीचं पीठ रात्रभर ठेवलं, की सकाळी टम्म फुगतं. का बरं? पिठातले सूक्ष्मजीव कार्बन डायऑक्साइड वायू सोडतात. त्याचेच ते बुडबुडे. पण याच्या उलट, हा वायू खाणारा जिवाणू असेल तर?

आहे बरं का! १९९४ साली बेल्जियममधल्या शास्त्रज्ञांनी त्याची ओळख करून दिली. सापडला कुठे? सशाच्या लेंड्यांत! नाव लांबलचक : क्लॉस्ट्रिडियम ऑटोइथॅनोजेनम. आपल्याला विषारी असणारा कार्बन मोनॉक्साइड हे त्याचं आवडतं खाणं. सोबत हायड्रोजन मिळाला, तर कार्बन डायऑक्साइडही फस्त करतो. आणि बनवतो काय, तर इथेनॉल!

पोलादाच्या भट्टीतून हे वायू बाहेर पडतात. २०१८ साली चीनमधल्या एका पोलाद कारखान्यात ते पकडून या जिवाणूंना खाऊ घालायला सुरुवात झाली. जिवाणूला ऑक्सिजन सोसत नाही, म्हणून टाक्या अगदी बंद! आपल्या देशातही पानिपतच्या तेलशुद्धीकरण कारखान्यात असा प्रकल्प उभा राहिला.

"मग धुराची काळजीच मिटली!" असं म्हणाल. थांबा. इथेनॉल गाडीत जाळलं, की तोच कार्बन पुन्हा हवेत जातो. फायदा एवढाच, की तेवढं खनिज तेल वाचतं. जिवाणू मदत करील. धूर कमी करायचं काम मात्र आपलंच.

आता सांगा पाहू : या इथेनॉलपासून कापडाचा धागाही बनतो. मग त्यातला कार्बन हवेत लवकर जाईल, की उशिरा?