दुसऱ्या टेनरची बाजू

‘रेकॉर्डर’ म्हटले की मराठी वाचकाच्या डोळ्यांसमोर फितीवर आवाज टिपणारे यंत्र उभे राहते, आणि त्यात वाचकाचा काही दोष नाही. आम्ही ज्या रेकॉर्डरविषयी लिहीत आहोत ते युरोपातील एक सुषिर वाद्य आहे: उभे धरायचे, तोंडाशी लाकडी गुल्ली बसवलेले, आपल्या अलगुजाच्या जातकुळीचे. नावाची कथा मात्र रम्य आहे. शेक्सपिअरकालीन इंग्रजीत या क्रियापदाचा एक अर्थ सूर घोटणे, गुणगुणत पाठ करणे असा होता. पाखराच्या गाण्यालाही तोच शब्द लावीत. त्याच्या मुळाशी हृदयवाचक लॅटिन शब्द आहे. यंत्र फार नंतर आले.

इंग्लंडात वास्तव्य असल्याने गेल्या हिवाळ्यात आम्ही या वाद्यांच्या वृंदात वाजवण्यासाठी एका निवासी संगीतवर्गाला गेलो. शुक्रवारी संध्याकाळी पोहोचायचे, रविवारी दुपारी निघायचे. चाळीसेक माणसे, बहुतेक निवृत्त शिक्षक, परिचारिका, अभियंते. हाताएवढ्या सोप्रानिनोपासून माणसाच्या उंचीच्या कॉन्ट्राबासपर्यंत वाद्यांचे अख्खे गोत्र जमलेले. आम्ही टेनर वाजवतो, तेही बेताचेच. खरे सांगायचे तर जाताना मनात थोडी तुच्छता होती. ‘हौशी’ हा शब्द मराठी समीक्षेत आपण ज्या सुरात वापरतो, तोच सूर आम्ही बरोबर नेला होता.

शनिवारी सकाळी जो आवाज झाला तो सुखद होता असे म्हणणे सत्यापलाप ठरेल. या वाद्याला एक खोड आहे. जोराने फुंकले की स्वर चढतो, हळू फुंकले की उतरतो. म्हणजे आपली चूक लपावी म्हणून दबक्या फुंकेने वाजवण्याची सोयच नाही. लपू पाहणारा नेमका बेसूर होऊन उघडा पडतो. शिवाय थंड लाकूड तापत जाते तसा स्वर वर सरकत राहतो, म्हणून जाणती मंडळी वाद्य काखेत धरून बसतात. दोघांनी एकच स्वर वाजवला तर बारीकसा फरकही घरघरतो. चारपाच जण झाले की ते फरक एकमेकांत विरून एक मऊ, रुंद आवाज तयार होतो.

वाजवायला जोव्हानी गाब्रिएली होता. व्हेनिसच्या सॅन मार्कोमध्ये समोरासमोर बसणाऱ्या वृंदांसाठी त्याने केलेल्या रचनांचा एक संग्रह १५९७ मध्ये छापला गेला. त्यातली एक आठ स्वरपंक्तींची रचना. आम्ही दुसऱ्या वृंदाचे टेनर. कागदावर पाहिले तर एकच स्वर पुन्हा पुन्हा, मग लांब विराम, मग शेजारचा स्वर, पुन्हा विराम. चाल म्हणावी असे काही नाही. संचालिकेने प्रत्येक पंक्ती वेगळी वाजवून घेतली तेव्हा आमच्या पंक्तीचे दारिद्र्य सर्वांसमोर आले. एकत्र वाजू लागल्यावर तर विराम मोजता मोजता आम्ही पार हरवलो. शेजारच्या वृद्ध बाईंनी स्वतःचे वाजवणे न थांबवता, दोन स्वरांमधल्या फटीत, पेन्सिलीच्या टोकाने आमच्या कागदावरची जागा दाखवली. त्यानंतर त्याविषयी त्या एक शब्दही बोलल्या नाहीत.

दुपारी संचालिकेने एका ठिकाणी सर्वांना थांबवले आणि आमच्याकडे पाहून म्हणाली, तुमचा स्वर किंचित खाली घ्या, पियानोची सवय सोडा. आमचा तो कंटाळवाणा स्वर त्या मेळातला गांधार होता. तो पियानोतल्याप्रमाणे वाजला की टोचत होता. केसभर उतरवला आणि चाळीस जणांचा आवाज एकाएकी स्थिरावला, जणू कुणी पाणी हलवणे थांबवले. सुरेल लावलेल्या तंबोऱ्याच्या खर्जातून जो गांधार आपोआप उमटतो तो हाच. तो आम्ही आयुष्यभर ऐकला होता. तो आपल्या श्वासाने जागेवर बसवण्याचा प्रसंग मात्र पहिलाच.

येथे आमचा मुद्दा येतो. कलेच्या व्यवहारात आपण दोनच माणसे मानतो: कलावंत आणि रसिक. एक व्यासपीठावर, दुसरा समोर. आपले सारे रसशास्त्र, आणि बव्हंशी साहित्याचे अध्यापनही, याच मांडणीवर उभे आहे. पण तिसरेही एक माणूस असते, जे रचनेच्या आत बसलेले असते. त्याला सगळे ऐकू येत नाही, सगळे कळतही नाही. पण त्याला जे कळते ते समोर बसणाऱ्याला कधीच कळत नाही. मैफिलीत गायकामागे तंबोऱ्यावर बसणारा शिष्य हे माणूस आहे. दिंडीतला टाळकरी हे माणूस आहे. आपल्याकडे त्याची उणीव नाही; त्याच्या ज्ञानाला आपण समीक्षेत जागा दिली नाही, इतकेच.

वर्गात वर्षानुवर्षे शिकवला जाणारा ‘हॅम्लेट’च्या तिसऱ्या अंकातला प्रवेश घ्या. हॅम्लेट गिल्डनस्टर्नपुढे रेकॉर्डर धरतो, वाजव म्हणतो, आणि ते न जमणारा हा माणूस आपल्यालाच वाजवू पाहतो आहे हे त्याच्या पदरात घालतो. आम्ही हा प्रवेश नेहमी रूपक म्हणून वाचला: एक वाद्य, एक मन. पण १६०४-०५ च्या क्वार्टो आवृत्तीत तेथे नटमंडळी रेकॉर्डर घेऊन येतात असे आहे, वाद्ये अनेक. १६२३ च्या फोलिओत एकच इसम एक रेकॉर्डर घेऊन येतो. पाठभेदाची ही नोंद आम्ही पूर्वीही वाचली होती आणि पुढे गेलो होतो. त्या शनिवारनंतर ती पुढे जाऊ देईना. आठव्या हेन्रीच्या मृत्यूनंतर १५४७ मध्ये झालेल्या मोजदादीत शहात्तर रेकॉर्डर निघाले. त्या काळी हे वाद्य प्रामुख्याने संचात, एकमेकांशी जुळवून वाजत असे. क्वार्टो डोळ्यांपुढे ठेवला तर हॅम्लेट एका जुळलेल्या संचातून एकच नळी उचलून घेतो आणि ती एकट्या माणसाच्या हाती देतो. डेन्मार्कच्या त्या दरबारात कुणीच कुणाशी जुळलेले नाही, हे ती वाद्ये रंगभूमीवर असतील तर शब्दांवाचून दिसते. रंगभूमीवर माणसे कमी म्हणून फोलिओत एकच इसम उरला, असे कुणी म्हणेल. असेलही. पण वर्गात आम्ही शिकवला तो नेहमी एकटाच, मग समोरची आवृत्ती कोणतीही असो.

‘दर्जा’चा आक्षेप आम्हाला ठाऊक आहे, कालपर्यंत तो आमचाच होता. सामान्यांच्या हाती कला दिली की ती पातळ होते, इत्यादी. त्याला बेंजामिन ब्रिटनचे उत्तर आम्हाला पुरेसे वाटते. १९५८ मध्ये ऑर्फर्डच्या चर्चमध्ये प्रथम सादर झालेल्या ‘नोयीज फ्लड’ या त्याच्या संगीतिकेत मोजके व्यावसायिक वादक आणि बाकी बहुतांश मुले आहेत. ज्यांना व्हायोलिनच्या मोकळ्या तारांखेरीज काही येत नाही त्यांच्यासाठी त्याने मोकळ्या तारांचेच स्वर लिहिले. ज्यांना काहीच वाजवता येत नाही त्यांनी दोरीला टांगलेले चहाचे कप वाजवून पावसाचे पहिले थेंब पाडायचे. पारव्याची फडफड रेकॉर्डरवर. त्याने दर्जा खाली आणला नाही. कोणाला काय येते ते नीट पाहिले आणि नेमके तेवढेच अपरिहार्य केले. आमच्या विद्यापीठीय अभ्यासक्रमात असे किती कप टांगलेले आहेत? विद्यार्थ्याला आपण समीक्षकाची मैफल ऐकायला बसवतो, त्याच्या टिपणांच्या झेरॉक्स वाटतो, आणि परीक्षेत दाद किती हुबेहूब दिली ते तपासतो. एखादा प्रवेश मोठ्याने, पात्रे वाटून, अडखळत वाचून घेण्याला आमच्या एका सहकाऱ्यांनी ‘वेळेचा अपव्यय’ म्हटले होते. तेव्हा आम्ही मान डोलावली होती.

असो. या वृंदांचे भवितव्य फारसे उजळ नाही. इंग्लंडात अशा वर्गांना आसरा देणाऱ्या जुन्या निवासी संस्थांपैकी अनेक बंद पडल्या, आणि शाळांतून प्लास्टिकच्या रेकॉर्डरची जागा उकुलेलेने बरीचशी घेतली आहे. आमच्या वर्गात चाळिशीच्या आतले दोघेच होते.

रविवारी दुपारी सादरीकरण झाले. श्रोते तीन: न्यायला आलेली दोन मुले आणि स्वयंपाकघरातली एक बाई, तीही दारातच उभी. गाब्रिएलीत आम्ही एकदा चुकलो, गांधार लागला. मग वाद्ये उलगडून आतून फडक्याने पुसली, खुर्च्या भिंतीशी रचल्या, आणि पेन्सिलीच्या खुणा खोडून स्वरलिपीचे कागद परत करा अशी सूचना झाली. आम्ही खोडरबर घेऊन बसलो. ज्या जागी आम्ही हरवलो होतो तेथे, आमच्या खुणेच्या खाली, कुणीतरी पूर्वी फिकट चष्मा काढून ठेवलेला दिसला. ‘डोळे उघडे ठेव’ असे स्वतःला बजावण्याची ती वादकांची खूण. आमची खूण खोडली. चष्म्यावरून रबर फिरवले नाही.