उजेड मोजायचा कशाने?

खोक्यावर ठळक अक्षरांत लिहिलेले असते, ‘१००० वॅट’. दिवा लावून मध्ये वीजमापक जोडला, की आकडा शंभरच्या आसपास येऊन थांबतो. नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा! विक्रेत्याला जाब विचारावा, तर तो बारीक अक्षरांतली ओळ पुढे करतो: १००० वॅटच्या जुन्या दिव्याच्या तोडीचा. घरात झाडे वाढवण्यासाठी ऑनलाइन विकल्या जाणाऱ्या स्वस्त एलईडी दिव्यांची ही जुनी खोड आहे. ग्राहक वॅट पाहून पैसे मोजतो आणि वॅट म्हणजे दिवा किती वीज खातो याचे माप. झाडाच्या पदरात काय पडते, हे त्यातून कळत नाही.

या दिव्यांच्या बाजाराला बरकत आली ती मुख्यतः गांजामुळे. कॅनडाने १७ ऑक्टोबर २०१८ पासून गांजा कायदेशीर केला आणि बहुतेक प्रांतांत एका घरात चार झाडे लावण्याची मुभा दिली. जर्मनीत १ एप्रिल २०२४ पासून प्रत्येक प्रौढाला घरी तीन झाडे लावता येतात. अमेरिकेतल्या अनेक राज्यांत तर बंद गोदामांत, एकही खिडकी न उघडता, मोठ्या प्रमाणावर ही लागवड होते. पिकाचा भाव चढा असल्याने महागड्या दिव्यांवरचे प्रयोग या धंद्याला परवडले. भारतात चित्र वेगळे आहे. १९८५च्या अमली पदार्थविरोधी कायद्यानुसार गांजाच्या बेकायदा लागवडीला दहा वर्षांपर्यंत सश्रम कारावास होऊ शकतो आणि घरात लावलेले एक झाडही त्यातून सुटत नाही. मग मराठी वाचकाने या दिव्यांच्या भानगडीत का पडावे? कारण हेच दिवे आता आपल्याकडे बंद खोलीतले केशर, मायक्रोग्रीन्स, रोपवाटिका आणि बाल्कनीतल्या कुंड्यांसाठी विकले जातात. दिवा तोच, दावे तेच आणि फसगतही तीच. परदेशातल्या गांजा उत्पादकांनी पैसे ओतून जे शिकून घेतले, ते आपल्याला फुकटात शिकता येण्यासारखे आहे.

पहिली गोष्ट मापाची. घरच्या बल्बवर लुमेन लिहिलेले असतात आणि त्यावरचे ऊर्जाबचतीचे तारेही लुमेनच्या हिशेबानेच मिळतात. लुमेन हे माणसाच्या डोळ्यासाठी बेतलेले माप आहे. आपल्या डोळ्याला ५५५ नॅनोमीटरच्या आसपासचा हिरवट-पिवळा उजेड सर्वांत प्रखर वाटतो, म्हणून त्या उजेडाला या मापात जास्त गुण मिळतात. झाडाचा व्यवहार निराळा. ४०० ते ७०० नॅनोमीटर या पट्ट्यातले प्रकाशकण, म्हणजे फोटॉन, ते अन्न तयार करायला वापरते. १९७२ मध्ये कीथ मॅकक्री या शास्त्रज्ञाने वेगवेगळ्या पिकांच्या पानांवर एकेका रंगाचा प्रकाश टाकून मोजमाप केले, तेव्हा या पट्ट्यातला जवळपास प्रत्येक रंग पानाच्या कामी येतो असे दिसले. तांबड्याचा उपयोग सर्वांत जास्त. हिरवाही वाया जात नाही.

म्हणून दिवा घेताना तीन आकडे विचारायचे. दिव्यातून दर सेकंदाला एकूण किती फोटॉन बाहेर पडतात (ते मायक्रोमोल या एककात मोजतात), हा पहिला. त्यांपैकी झाडांच्या माथ्यावर, दर चौरस मीटरला किती पोचतात, हा दुसरा. आणि एक ज्यूल विजेमागे किती मायक्रोमोल मिळतात, हा तिसरा. तिसऱ्याला दिव्याची कार्यक्षमता म्हणतात. मोटारीच्या मायलेजसारखा हा आकडा, आणि खोक्यावर नेमका तोच सापडत नाही.

हिशेब प्रत्यक्ष मांडून पाहू. जर्मनीतल्या एका घरात १.२ मीटर लांब आणि तेवढाच रुंद तंबू आहे, म्हणजे जागा १.४४ चौरस मीटर. फुलोऱ्याच्या काळात झाडांच्या माथ्यावर दर चौरस मीटरला सरासरी ९०० मायक्रोमोल हवे आहेत. गुणाकार करता सुमारे १३०० होतात. भिंतींत आणि वाटेत जिरणारा उजेड धरला, तर दिव्यातून १५०० निघायला हवेत. दिव्याची कार्यक्षमता २.५ असेल, तर त्यासाठी ६०० वॅट लागतील. १.७ असेल, तर जवळपास ८८० वॅट. रोज १२ तास दिवा चालला, तर फरक साडेतीन युनिटच्या घरात जातो आणि दोन महिन्यांच्या फुलोऱ्यात सुमारे २०० युनिटचा होतो. घरगुती वीज ४० सेंट युनिट धरली, तर एका पिकामागे ८० युरो. शिवाय दिव्यात गेलेली जवळजवळ सगळी वीज शेवटी खोलीत उष्णता होऊनच उरते. ती बाहेर काढायला पंखा किंवा एसी चालतो, त्याचे बिल वेगळे. स्वस्त दिव्यात वाचवलेले पैसे वीजबिल कधी खाऊन टाकते, ते कळतही नाही.

या १.७ चाही एक इतिहास आहे. अमेरिकेतल्या युटा स्टेट विद्यापीठातल्या ब्रूस बगबी आणि त्यांच्या सहकाऱ्याने २०१४ मध्ये दिव्यांची तुलना प्रसिद्ध केली. त्या वेळी सर्वांत चांगला सोडियमचा दिवा १.७० वर होता आणि सर्वांत चांगला एलईडी १.६६ वर. म्हणजे एलईडीसाठी जादा पैसे मोजण्यात तेव्हा फारसा अर्थ नव्हता. पुढच्या दशकात बाजी उलटली. आज चांगले एलईडी दिवे २.५ ते ३ पर्यंत जातात, काही त्याही पुढे. ‘एलईडी म्हणजे बचत’ हे वाक्य मात्र तेव्हाही सर्रास ऐकू येई आणि आजही येते. बचत तंत्राच्या नावात नसते, त्या विशिष्ट दिव्याच्या आकड्यात असते.

आता रंगाविषयी. सुरुवातीचे एलईडी दिवे जांभळे होते. हरितद्रव्य तांबडा आणि निळा प्रकाश जास्त शोषते, म्हणून फक्त तेच दोन रंग द्यावेत, असा सोपा तर्क त्यामागे होता. तर्क अगदीच चुकीचा नव्हता, अपुरा होता. हिरवा प्रकाश वरच्या पानातून पार होऊन खालच्या पानांपर्यंत उतरतो आणि दाट झाडाच्या मधल्या फांद्यांना त्याचा उपयोग होतो. शिवाय जांभळ्या उजेडात पान पिवळे पडले आहे की नाही, त्यावर भुरी आली आहे की नाही, हे डोळ्यांना नीट दिसत नाही. रोग लक्षात येईपर्यंत हाताबाहेर गेलेला असतो. म्हणून आजचे बहुतेक चांगले दिवे पांढऱ्या एलईडींचे असतात आणि त्यांत ६६० नॅनोमीटरच्या गडद तांबड्याची भर घातलेली असते. पांढरा एलईडी हा मुळात निळा एलईडी, वर फॉस्फरचा लेप दिलेला. त्या निळ्या एलईडीच्या शोधासाठी अकासाकी, अमानो आणि नाकामुरा या तिघांना २०१४चे भौतिकशास्त्राचे नोबेल मिळाले. घरातले दिवे स्वस्त करण्यासाठी जगभर जे कारखाने उभे राहिले, त्यांचाच लाभ या शेतीलाही झाला.

जादा पैसे घेऊन विकले जाणारे दुसरे आकर्षण म्हणजे अतिनील किरण. गांजातील टीएचसी हे नशेचे द्रव्य त्याने वाढते, असा प्रचार बरीच वर्षे चालला. कॅनडातल्या ग्वेल्फ विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२२ मध्ये याची परीक्षा घेतली. अतिनील किरणांमुळे ना उत्पादन वाढले, ना टीएचसीसारख्या द्रव्यांचे प्रमाण. त्याच विद्यापीठातल्या २०२१च्या प्रयोगात उजेडाची तीव्रता १२० पासून १८०० मायक्रोमोलपर्यंत नेली होती. फुलांचे वजन जवळजवळ सरळ रेषेत वाढत गेले, टीएचसीचे प्रमाण मात्र बदलले नाही. भर दुपारच्या स्वच्छ उन्हात साधारण २००० मायक्रोमोल असतात, यावरून ही तीव्रता किती मोठी होती ते ध्यानात येईल. पण यावरून प्रत्येकाने १८०० चा दिवा घ्यावा असा निष्कर्ष काढणे चुकीचे ठरेल. उजेड वाढवला की पाणी, खत, हवा आणि तापमान यांचीही तेवढीच काळजी घ्यावी लागते, आणि घरच्या तंबूत ती क्वचितच घेतली जाते. दुबळा भाग दुरुस्त न करता दिवा मोठा घेणे म्हणजे पानांच्या कडा करपवण्याची तयारी.

जाहिरातीतल्या आकड्यांमधली आणखी एक हातचलाखी ओळखायला हवी. ‘१५०० मायक्रोमोल’ हा आकडा बहुधा दिव्याच्या बरोबर खाली, मध्यभागी मोजलेला असतो. कोपऱ्यांत त्याच्या निम्माही उजेड पडत नसेल, तर मधले झाड करपते आणि कडेचे लांबुडके होऊन वाकते. म्हणून मध्यबिंदूचा आकडा न विचारता संपूर्ण जागेचा नकाशा मागावा: किती उंचीवरून मोजले, चारही कोपऱ्यांत किती आले, सरासरी किती. एकाच ठिकाणी भगभगणाऱ्या दिव्यापेक्षा पट्ट्यापट्ट्यांची, अनेक ठिकाणांहून उजेड पाडणारी चौकट यासाठी सरस ठरते. घरी पडताळा घ्यायचा, तर मोबाइलमधला लक्समापकही ढोबळ कामाला येतो. पांढऱ्या एलईडीखाली आलेला लक्सचा आकडा साधारण ६५ ते ७०ने भागला, की मायक्रोमोलचा अंदाज मिळतो. जांभळ्या दिव्यावर ही युक्ती चालत नाही.

तीव्रतेइतकाच तासांचाही हिशेब असतो. वाढीच्या काळात गांजाला १८ तास उजेड देतात, फुलोऱ्यात १२ तास. ६०० मायक्रोमोल १८ तास दिले किंवा ९०० मायक्रोमोल १२ तास, झाडाला दिवसभरात मिळणारी बेरीज एकच येते: चौरस मीटरला सुमारे ३९ मोल. म्हणून ज्याला एकच दिवा दोन्ही टप्प्यांत वापरायचा आहे, त्याला उजेड कमी-जास्त करता येणारा दिवा लागतो. त्यासाठीचे पैसे वाया जात नाहीत.

पण बारा तासांचा अंधार हा केवळ विजेच्या बचतीसाठी नसतो. गांजा फुलतो तो रात्र लांबल्यावर. फ्रान्समध्ये ज्युलियन तुर्न्वा यांनी १९१२च्या सुमारास हॉप आणि भांग या दोन वनस्पतींवर प्रयोग करून दिवसाच्या लांबीचा फुलण्याशी संबंध दाखवला; पहिल्या महायुद्धात त्यांचा मृत्यू झाला आणि काम तिथेच थांबले. पुढे १९२० मध्ये अमेरिकेत गार्नर आणि अॅलार्ड यांनी तंबाखूवर हा नियम पक्का केला. तेव्हा उजेडाची कामे दोन आहेत: एक पोसण्याचे, दुसरे इशारा देण्याचे. पोसायला शेकडो मायक्रोमोल लागतात. इशाऱ्याला मंद दिवाही पुरतो. म्हणूनच तंबूच्या चेनमधून रात्री शिरणारा प्रकाशही गांजाच्या फुलोऱ्यात गोंधळ घालू शकतो.

हा भेद महाराष्ट्रातल्या शेतकऱ्याच्या थेट उपयोगाचा आहे. थंडीत ड्रॅगन फ्रूटच्या मळ्यात रात्री दिवे लावतात ते वेलाला पोसायला नव्हे. रात्र मध्येच तोडून दिवस मोठा असल्याचा इशारा देऊन फुलवायला. शेवंतीत उलट, दांडा लांब व्हावा म्हणून फुलणे लांबवायला रात्र तोडतात. दोन्हीकडे कमी वॅटचे साधे दिवे चालतात. तिथे महागडा ग्रो लाइट घेणे म्हणजे पैसा पाण्यात. बंद खोलीतल्या केशराची तऱ्हा आणखी निराळी. त्याचा कंद फुलताना स्वतःच्या साठ्यावर फुलतो, उजेडाची खरी गरज फुले काढल्यानंतर, पाने वाढून नवे कंद पोसले जातात तेव्हा लागते. फुलांच्या महिन्यात खोली जांभळी करून काढलेली छायाचित्रे आकर्षक दिसतात, पण ऐन गरजेच्या महिन्यांत उजेड किती आणि कसा देणार, हा प्रश्न त्यांतून सुटत नाही.

उरतो प्रश्न सार्वजनिक हिताचा. इव्हान मिल्स यांनी २०१२ मध्ये केलेल्या अंदाजानुसार बंदिस्त गांजा लागवड अमेरिकेतली सुमारे एक टक्का वीज खात होती. कोलोरॅडो स्टेट विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२१ मध्ये हिशेब मांडला की अमेरिकेतल्या बंदिस्त लागवडीत एक किलो सुक्या फुलांमागे, ठिकाणानुसार, २,२८३ ते ५,१८४ किलो कार्बन डायऑक्साइडइतके उत्सर्जन होते. त्यात मोठा वाटा दिव्यांचा आणि खोलीचे तापमान-आर्द्रता सांभाळणाऱ्या यंत्रांचा. कॅलिफोर्नियाने यावर व्यवहार्य तोड काढली. १ जानेवारी २०२३ पासून तिथे ४० किलोवॅटहून जास्त दिवे असलेल्या नव्या बंदिस्त लागवडीत १.९ पेक्षा कमी कार्यक्षमतेचा दिवा लावता येणार नाही, असा नियम लागू झाला. उत्तर अमेरिकेतल्या डिझाइनलाइट्स कन्सॉर्शियमने चाचणीतून उतरलेल्या दिव्यांची यादी सर्वांसाठी खुली ठेवली आहे. दावा कोणीही करू शकतो. पडताळणी झाल्यावरच त्याला किंमत येते, हे तत्त्व दोन्हींमागे आहे.

आपल्याकडेही अनुदान देताना, बँकेने प्रकल्पाला कर्ज देताना आणि कृषी विद्यापीठांनी शिफारस करताना वॅटऐवजी हे तीन आकडे मागितले, तर बाजार आपोआप वळणावर येईल. त्यासाठी नवा कायदा होईपर्यंत थांबायची गरज नाही. ग्राहकानेही खरेदीआधी प्रत्यक्ष वीज किती लागते, मायक्रोमोल किती निघतात आणि उजेड कसा पसरतो, हे लेखी मागावे. सोबत दिव्याला वीज पुरवणाऱ्या ड्रायव्हरची हमी, दमट हवेत टिकण्याचा दर्जा आणि अर्थिंग तपासावे. न देणाऱ्याकडून दिवा घेऊ नये. आणि ज्याच्या गच्चीवर किंवा शेतात वर्षाचे बहुतेक महिने लख्ख ऊन पडते, त्याने बंद खोलीत पीक नेण्याआधी, दिव्याखालच्या प्रत्येक किलोमागे किती युनिट जळणार आणि तो माल किती रुपयांना विकला जाणार, हा हिशेब कागदावर करावा. बहुतेक पिकांच्या बाबतीत उत्तर उन्हाच्याच बाजूने येईल.