कोरियाचे खापर एकाच माथी?

कोरियन युद्धाला अमेरिकाच जबाबदार, असे ठणकावून सांगणारे पत्र गेल्या अंकात आले आहे. त्यातला एक मुद्दा बिनतोड. ऑगस्ट १९४५ मध्ये डीन रस्क आणि चार्ल्स बोनस्टील या दोन अमेरिकी लष्करी अधिकाऱ्यांनी रात्री 'नॅशनल जिऑग्राफिक'चा नकाशा पुढे ओढला आणि ३८व्या अक्षांशावर देश तोडला. एकाही कोरियन माणसाला विचारले नाही.

पण देश तोडणे वेगळे आणि २५ जून १९५०च्या पहाटे रणगाडे घुसवणे वेगळे.

त्यासाठी उत्तर कोरियाच्या किम इल-सुंगने स्टालिनमागे लकडा लावला होता. १९५०च्या पूर्वार्धात होकार मिळाला, माओचीही संमती घेण्याच्या अटीवर. हा पाश्चात्त्यांचा प्रचार म्हणावा, तर त्या तारा खुद्द मॉस्कोच्या दप्तरातून निघाल्या आहेत. दक्षिणेचा सिंगमन ऱ्हीही काही शांतिदूत नव्हता. तो उत्तरेवर चालून जाईल या धास्तीने अमेरिकेने त्याला रणगाडेच दिले नव्हते.

मग वॉशिंग्टन सुटले? छे! ऑक्टोबर १९५० मध्ये चीनचे पंतप्रधान चौ एन-लाय यांनी भारताचे राजदूत के. एम. पणिक्कर यांना मध्यरात्री बोलावून बजावले, अमेरिकी फौजा अक्षांश ओलांडून आल्या तर चीन युद्धात उतरेल. निरोप पोहोचला, पण पणिक्कर पडले डाव्यांकडे झुकलेले! वॉशिंग्टनने तो धुडकावला, अमेरिकी सेनापती मॅकआर्थरच्या फौजा चीनच्या सीमेवरील यालू नदीकडे निघाल्या, चीन खरोखरच उतरला आणि युद्ध जुलै १९५३ पर्यंत रेंगाळले. अमेरिकेविरुद्धचा हा सर्वांत सबळ पुरावा. पत्रलेखकाने नेमका तोच वगळला आहे.